इंडिकेटर भराभर टिकटिकतोय? फ्लॅशर बदलायच्या आधी हे करून बघा

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या गाडीचा डावा इंडिकेटर मधेच पिसाळल्यासारखा करायचा, म्हणजे ऐरोलीहून निघताना एकदम नीट, आणि कळव्याच्या सिग्नलला जाऊन थांबलो की टिक-टिक-टिक-टिक दुप्पट स्पीडने. सिग्नल सुटला, गाडी हलली की परत नॉर्मल. वायरिंगवाल्याकडे नेली, त्याने ऐकलं आणि लगेच म्हणाला फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) गेलाय, नवीन टाकला, दोन दिवसांनी परत तेच. परत गेलो तर म्हणाला डुप्लिकेट पीस लागला असेल, अजून एक टाकला. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही, रात्री जेवण झाल्यावर बाबांना म्हटलं, बाबा जरा खाली चला, तुम्ही ड्रायव्हर सीटवर बसा, मी मागे उभा राहून बघतो काय होतंय ते.

पार्किंगमध्ये अंधार होता ते बरंच झालं. बाबांनी डावा इंडिकेटर दिला, मागचा दिवा मस्त उजेड पाडत होता. म्हटलं आता ब्रेक दाबा. ब्रेक दाबल्याबरोबर इंडिकेटर एकदम मंद झाला आणि आतून बाबांचा आवाज आला, अरे बघ बघ, फास्ट झाला बघ. सोड म्हटलं की उजेड परत आणि टिकटिक नॉर्मल. म्हणजे सिग्नलला आम्ही ब्रेकवर पाय ठेवून थांबायचो म्हणून तिथेच व्हायचं. दोन्ही फ्लॅशर बिचारे चांगलेच होते, दिव्याची अर्थिंग, म्हणजे करंट परत बॉडीकडे जायची वाट, गेली होती.

तेव्हापासून सोसायटीत कोणाचा इंडिकेटर बिघडला की मी आधी खाली जाऊन बघतो, आणि फ्लॅशर खरंच गेलाय असं फार थोड्या वेळा निघतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. लागणारं सामान थोडं आहे: एक टेस्ट लॅम्प (टोकदार पिन, वायर आणि क्लिपवाला, बारा व्होल्टचा), जमलं तर साधा मल्टिमीटर (व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजायचं यंत्र), दहाचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, आणि आत बसायला एक माणूस.

आधी टिकटिक काय सांगते ते ऐका

फ्लॅशर म्हणजे काय तर इंडिकेटरच्या दिव्यांचा करंट चालू-बंद करणारी एक छोटी डबी, काडेपेटीपेक्षा लहान. मागचा आणि पुढचा मोठा बल्ब २१ वॅटचा असतो, बाजूला फेंडरवर असेल तर तो ५ वॅटचा. बारा व्होल्टवर २१ वॅटचा एक बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे एका बाजूचे सगळे मिळून चारच्या आसपास. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा करंट मोजत असतो. एक मोठा बल्ब उडाला की करंट जवळपास अर्ध्यावर येतो आणि फ्लॅशर मुद्दाम स्पीड डबल करतो, का तर ड्रायव्हरला बसल्या जागी कळावं की बाहेर एक दिवा लागत नाहीये. म्हणजे भराभर टिकटिक हा फ्लॅशरचा बिघाड नाही, तो त्याचं काम चोख करतोय. त्यालाच काढून फेकायचं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

फार जुन्या गाड्यांमध्ये गोल पत्र्याचा डबीसारखा फ्लॅशर यायचा, त्यात आत पट्टी तापून वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो, गार झाली की परत चिकटते. त्याचं उलटं आहे. बल्ब उडाला की पट्टी तापायला पुरेसा करंटच मिळत नाही, मग तो हळू होतो नाहीतर दिवा नुसता पेटून राहतो. तुमच्या गाडीत कुठला आहे ते माहीत असलं की अर्धं निदान तिथेच झालं.

नियमात दर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा असं आहे. मोबाइलवर तीस सेकंद लावा, टिका मोजा आणि दुप्पट करा (टिक-टॉक मिळून एक धरा नाहीतर चुकेल). नव्वदच्या आसपास आला तर उत्तम.

आता दोन मिनिटांची तपासणी, हत्यार काही नको. चावी ऑन करा, डावा द्या, उजवा द्या, मग हॅझर्डचं, म्हणजे दोन्हीकडचे इंडिकेटर एकदम लावणारं, लाल त्रिकोणाचं बटण दाबा, आणि प्रत्येक वेळी गाडीभोवती एक फेरी मारून सगळे दिवे बघा. फेरी मारायचीच, आत बसून डॅशबोर्डवरचा बाण बघून काही कळत नाही.

एकच बाजू फास्ट आणि दुसरी नॉर्मल असेल तर फ्लॅशरचा विषय डोक्यातून काढून टाका, कारण दोन्ही बाजूंना फ्लॅशर एकच असतो. त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग. एक बाजू पूर्ण मेलेली आणि दुसरी छान चालत असेल तरी तेच, फ्लॅशर ठीक आहे, फक्त इथे हॅझर्ड लावून बघा. हॅझर्डला ती बाजू लागत असेल तर स्टीअरिंगजवळच्या दांडीचा स्विच, म्हणजे ज्याला दुकानात कॉम्बिनेशन स्विच म्हणतात तो, त्याचा कॉन्टॅक्ट गेलाय.

दोन्ही बाजू बंद पण हॅझर्ड चालू, असं असेल तर बहुतेक गाड्यांत फ्लॅशर चांगला आणि इंडिकेटरचा फ्यूज उडालाय, किंवा हॅझर्डच्या बटणातला कॉन्टॅक्ट खराब झालाय. हे पुष्कळ जणांना माहीत नसतं, कितीतरी गाड्यांत इंडिकेटरचा करंट हॅझर्डच्या बटणातून फिरून येतो, बटण वर्षानुवर्षं कोणी दाबलेलं नसतं, आत काळं धरतं, आणि इंडिकेटर गुल. ते बटण दहा-पंधरा वेळा दाबून सोडा. इंडिकेटर सुरू झाला तर समजा की स्विच बदलायची वेळ आलीय, काही दिवस चालेल पण भरवशाचं नाही.

दोन्ही बाजू बंद आणि हॅझर्डही बंद, किंवा दोन्हीकडे दिवे नुसते पेटून राहतात आणि लुकलुकतच नाहीत, किंवा डॅशबोर्डवर थाप मारली की सुरू होतात: आता फ्लॅशरवर संशय घ्यायला हरकत नाही. थापेवर चालणारा फ्लॅशर म्हणजे आतला सोल्डर तडकलेला. नेहमीचा करंट, नेहमीची उष्णता, सोल्डरभोवती केसाएवढी गोल चीर पडते. डबी उघडून भिंगाने बघितलं तर दिसते, आणि सोल्डरिंगचा हात असेल तर पुन्हा डाग देऊन तो बराच काळ चालतो.

बल्ब आणि अर्थिंग, खरा घोळ इथेच

आपल्याकडची हवा बघा ना, एका बाजूला खाडी, चार महिने धो धो पाऊस, गाडी उघड्यावर. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की त्यातून गाडी काढायची आणि मग म्हणायचं लाइट का लागत नाही. मागच्या दिव्याची रबर पॅकिंग एकदा कडक झाली की आत ओल जाते ती जातेच, काचेवर आतून दव दिसायला लागलं तर होल्डर उघडून बघाच.

बहुतेक गाड्यांत डिकी उघडून दोन स्क्रू काढले की मागचा अख्खा दिवा बाहेर येतो, काहींत आतल्या बाजूने झाकण असतं. होल्डर थोडा फिरवला की निघतो, बल्ब दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. लगेच हात घालू नका, आत्ता पेटलेला असेल तर चांगलाच चटका बसतो. काच काळी किंवा आतून चांदीसारखी झालेली, किंवा तार तुटलेली दिसली तर बल्ब गेला. तार दिसायला नीट वाटते पण हलवली की थरथरते, असाही निघतो, म्हणून शंका असेल तर मल्टिमीटरने कंटिन्युइटी (करंट आरपार जातो का ते) बघा, चांगल्या २१ वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स गार असताना एखादा ओहम किंवा त्याहून कमीच दाखवतो.

नवीन घेताना जुना बल्ब खिशात घालून दुकानात जा. पारदर्शक काचेच्या दिव्यात नारिंगी बल्ब लागतो, त्याच्यावर पीवाय२१डब्ल्यू लिहिलेलं असतं. नारिंगी काच असेल तर साधा पांढरा पी२१डब्ल्यू. दोन्हींच्या बाजूच्या खिळ्या वेगळ्या जागी आहेत, पांढऱ्याच्या समोरासमोर आणि नारिंगीच्या जरा सरकवून, मुद्दाम तसं केलंय म्हणजे चुकीचा बसू नये, तेव्हा बसत नसेल तर पक्कड लावून कोंबू नका. आणि बुडाला दोन ठिपके असलेला बल्ब ब्रेक आणि पार्किंगचा, तो इंडिकेटरला नाही. कधी कधी सगळे दिवे लागतात तरी फास्टच टिकटिकतं, तेव्हा हमखास कोणीतरी कमी वॅटचा बल्ब टाकून ठेवलेला असतो, वॅट वाचा.

आमच्या गाडीत बल्ब ठणठणीत होता. पण काळ्या वायरचं पितळी टोक जिथे होल्डरच्या पट्टीला लागतं तिथे हिरवा थर चढला होता, नख लावलं की पावडर निघत होती, आणि पट्टीवर एका जागी तापून निळसर डाग पडला होता. त्या एका काळ्या वायरवरून ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर तिघांचा करंट परत जातो. इंडिकेटर एकटा असताना कसाबसा भागवायचा, ब्रेकचे २१ वॅट वरून आले की त्या गंजातून दोघांचं जमेना, इंडिकेटरचा करंट पडायचा, आणि फ्लॅशरला वाटायचं बल्बच गेलाय. पॉलिश पेपरने पितळ पिवळं होईपर्यंत घासलं, टोक पक्कडीने जरासं दाबून घट्ट केलं, वरून थोडी पेट्रोलियम जेली लावली. वेळ वीस मिनिटं, खर्च शून्य, आणि आधी दोन फ्लॅशरचे पैसे देऊन बसलो होतो.

अर्थिंग ओळखायची खूण लक्षात ठेवा. इंडिकेटर देताना शेजारचा लाल दिवाही मंद मंद लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, दोन्हींचा अर्थ तोच. खात्री करायची असेल तर एक वायर घ्या, एक टोक होल्डरच्या अर्थच्या पट्टीला आणि दुसरं बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला टेकवा, उजेड एकदम वाढला तर निदान पक्कं.

अजून दोन जागा. मागचा इंडिकेटर डिकीच्या झाकणावरच असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायरी असतात, झाकण उघड-बंद करून करून त्या आतल्या आत तुटतात, वरून काही दिसत नाही. आणि उंदीर. आमच्या खालच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या पुढच्या इंडिकेटरच्या वायरी कुरतडलेल्या निघाल्या, बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागे टॉर्च मारा.

फ्लॅशर तपासायचा कसा

आधी एक महत्त्वाचं. नवीन गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतोच, सगळं बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या कॉम्प्युटरमधून होतं आणि टिकटिक मीटरमधल्या बारक्या स्पीकरमधून येते. मॅन्युअलमध्ये फ्यूज बॉक्सच्या चित्रात फ्लॅशर दिसत नसेल तर खाली सांगतोय तो वायर जोडून बघायचा प्रकार तुमच्या गाडीत अजिबात करू नका, मॉड्यूल जळाला तर खर्च कुठल्या कुठे जाईल. अशा गाडीत बल्ब, अर्थिंग, फ्यूज एवढं घरी बघा, पुढचं स्कॅनरवाल्याकडे.

फ्लॅशर असलेल्या गाडीत तो शोधायला हॅझर्ड लावा आणि ड्रायव्हरच्या पायाशी डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सच्या आसपास, कान द्या. आवाजाने नेमकं कळत नाही, बोट लावून बघा, जी डबी बोटाला टिचक्या मारतेय तीच. काही युरोपियन गाड्यांत तो हॅझर्डच्या बटणाच्या पोटातच असतो, तिथे बटणासकट बदलावा लागतो.

सापडला की चावी काढा आणि फ्लॅशर सरळ खाली ओढून काढा, हलकेच डावं-उजवं करत, वायर धरून खेचायचं नाही. बुडाला तीन पिना दिसतील. त्यावर बी, एल, ई किंवा ४९, ४९ए, ३१ असं असतं. बी म्हणजे ४९, इथे बॅटरीकडून करंट येतो. एल म्हणजे ४९ए, इथून दिव्यांकडे जातो. ई म्हणजे ३१, अर्थ.

आता चावी ऑन. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला आणि पिन सॉकेटच्या बी ला लावा. पेटला तर करंट येतोय. नाही पेटला तर फ्लॅशर निर्दोष आहे, फ्यूज किंवा हॅझर्डचं बटण बघा. मग क्लिप काढून बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा (वायर पुरत नसेल तर लांब तुकडा जोडा) आणि पिन ई ला, पेटला पाहिजे, नाहीतर फ्लॅशरचीच अर्थिंग गेलेली. दोन्ही ठीक निघालं की शेवटची परीक्षा: जाडसर वायरचा छोटा तुकडा, मधे १० अँपिअरचा फ्यूज लावून, बी आणि एल च्या खाचांत घाला आणि दांडी डावीकडे करा. डावे दिवे सगळे न लुकलुकता पेटून राहिले, उजवीकडेही तसंच झालं, तर वायरिंग, स्विच, बल्ब सगळं शाबूत आहे आणि फ्लॅशर गेलाय हे सिद्ध झालं. ई ला चुकूनही ही वायर लावू नका, सरळ शॉर्ट होईल. याच अवस्थेत दिवे स्थिर पेटलेले असतात तेव्हा मल्टिमीटरने होल्डरवरचं व्होल्टेज निवांत बघून घ्या, लुकलुकत असताना आकडा नाचतो आणि काहीच वाचता येत नाही.

बदलायचा

बॅटरीचं निगेटिव्ह दहाच्या पान्याने सोडवा. जुना फ्लॅशर घेऊनच दुकानात जा, ठाण्यात वागळेला किंवा नवी मुंबईत तुर्भ्याला इलेक्ट्रिकल पार्टवाल्याकडे मिळतो, फारच जुनी गाडी असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मारावी लागते. डबीवर बारा व्होल्ट आणि पुढे २(४)×२१ वॅट असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे इंडिकेटरला दोन बल्ब आणि हॅझर्डला चार. तेच घ्या. ट्रकचा चोवीस व्होल्टचा दिसायला तसाच असतो. आणि पिना तीन आहेत एवढंच बघून घेऊ नका, सगळ्यांत बी, एल, ई एकाच क्रमाने नसतात, एल आणि ई ची अदलाबदल असलेला पीस सॉकेटमध्ये बिनबोभाट बसतो आणि फ्यूज उडवतो, तेव्हा दोन्ही डब्या उलट्या करून शेजारी धरा आणि अक्षरं जुळवा. नवा दाबून बसवा, बॅटरी जोडा, परत गाडीभोवती फेरी, परत तीस सेकंद मोजणी.

फ्यूज उडाला असेल तर जेवढ्याचा होता तेवढ्याचाच, लाल १०, निळा १५, पिवळा २०. मोठा घालून काम भागवणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजच्या ऐवजी वायर जाळणं.

एलईडी बल्ब टाकले असतील तर ते इतका कमी करंट ओढतात की फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखंच वाटतं, दोन्ही बाजू फास्ट होतात. यावर दुकानदार ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर लावून देतात, पण त्यातून दोन अँपिअरच्या वर करंट जातो आणि तो भयंकर तापतो, प्लॅस्टिकला किंवा वायरिंगला चिकटवून लावलेला मी स्वतः वितळलेला बघितलाय. लावायचाच तर पत्र्याला स्क्रूने. त्यापेक्षा एलईडीसाठीचा फ्लॅशर मिळतो तो घाला, आणि माझं विचाराल तर साधे बल्बच परत लावा.

आणि एक हात जोडून सांगणं आहे. जोराच्या पावसात सायन-पनवेलला नाहीतर घोडबंदरला गायमुखच्या चढावर कितीतरी जण हॅझर्ड लावून गाडी चालवतात. हॅझर्ड चालू असताना बहुतेक गाड्यांत डावा-उजवा वेगळा लागतच नाही, तुम्ही लेन बदलताय हे मागच्या बाइकवाल्याला कळायचा काही मार्गच उरत नाही. चालत्या गाडीत हेडलाइट लावा, हॅझर्ड गाडी बंद पडून कडेला उभी राहिली की मग.

परवा शेजारच्या काकू विचारत होत्या, अरे माझा उजवा फास्ट वाजतोय, फ्लॅशर आणू का? म्हटलं काकू, थांबा, आधी चावी द्या आणि ब्रेकवर बसा. पुढचा बल्ब उडाला होता.